श्रम आणि विश्रांति

जोर-बैठका काढतांना मुलगा लवकर थकला, कीं आम्ही विंचूरकर त्यास अशक्त ठरवितों. हें योग्य नव्हे. अशा तीव्र श्रमांत स्नायूंतील तयार शक्तीचा सांठा कांहीं सेकंदांतच ओसरतो. पुढें स्नायूंतील शर्करा खर्च होऊं लागते, व त्यांतून उत्पन्न होणारीं द्रव्यें सांचून स्नायूंचें आकुंचन मंदावतें. दोन-तीन मिनिटें थांबल्यास पहिला सांठा बहुतांशीं भरून येतो.

थांबावयास न मिळाल्यास थोर मल्लही थकतो. सन १९५२ मध्यें हेलसिंकी येथें कराडजवळील गोळेश्वरचे खाशाबा जाधव जपानच्या इशीशीं दीर्घकाळ झुंजले. लागलीच त्यांस सोव्हिएत मल्लाशीं लढावें लागलें व ते हरले. तरी कांस्यपदक त्यांनीं मिळविलेंच.

विद्यार्थ्यांनो, श्रम अवश्य करा. परंतु विसावा हाही व्यायामाचाच भाग समजा.