अभिज्ञातक, माग आणि बीज : गॅमा-किरणांची नवी उपकरणे व आपली परिभाषा

बंगळूरच्या चामराजपेट भागात कन्नड साहित्य परिषदेची वास्तू आहे. १८९२ मध्ये जुन्या शहरालगत आखून वसवलेल्या या वसाहतीला चामराजेंद्र वोडेयर यांचे नाव देण्यात आले. त्या नावातील ‘पेट’ म्हणजे आपलीच ‘पेठ’, हे मराठी वाचकास वेगळे सांगावयास नको. परिषदेची स्थापना १९१५ ची. तिच्या आरंभीच्या धुरीणांमध्ये बेळ्ळावे वेंकटनारणप्पा यांचे नाव ठळकपणे येते. पंपाच्या ‘विक्रमार्जुनविजय’ या काव्याच्या परिषदेने काढलेल्या आवृत्तीशी ते निगडित आहे. परंतु हे संपादक व्यवसायाने सेंट्रल कॉलेजात भौतिकशास्त्राचे अध्यापक होते, आणि १९१८ मध्ये नंगपुरम वेंकटेश अय्यंगार यांच्यासह त्यांनी ‘विज्ञान’ नावाचे कन्नड मासिक चालू केले होते. हस्तलिखितांतील पाठभेद पारखणारा आणि भौतिकशास्त्र शिकवणारा मनुष्य एकच असावा, ही गोष्ट त्या पिढीला विलक्षण वाटली नसावी. आज ती आपणांस वाटते, आणि प्रस्तुत लेखाचा विषय त्यातूनच निघतो.

याच शहरात, चामराजपेटेपासून काही मैलांवर असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात, १९४५ च्या जूनमध्ये होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे काम सुरू केले; त्याच वर्षाच्या अखेरीस ती संस्था मुंबईस गेली. आज अणुकेंद्रातून निघणाऱ्या गॅमा-किरणांचा भारतात जो सूक्ष्म अभ्यास होतो, त्याचे एक प्रमुख ठाणे मुंबईतील कुलाब्याची ही संस्था होय. म्हणजे हे काम मराठी मुलखाच्या राजधानीत चालते; मात्र त्याविषयीचे लेखन जवळजवळ सर्वस्वी इंग्रजीत होते. मराठीत त्यासाठी जे शब्द घडवले गेले, ते प्रामुख्याने विश्वकोशाच्या काळातले, म्हणजे १९७० च्या आसपासचे. त्यानंतर उपकरणांच्या निदान दोन पिढ्या उलटल्या. एका पिढीच्या उपकरणाकडे पाहून घडवलेला शब्द पुढच्या पिढीच्या उपकरणापुढे टिकतो काय, हा प्रश्न परिभाषेच्या अभ्यासकाने विचारावयास हवा. माझ्या मते उत्तर सरसकट नाही. एक शब्द उपकरणे सुधारत गेली तसा अधिक समर्पक होत गेला. दुसरा तितकाच उणा पडत गेला.

प्रथम ‘डिटेक्टर’ या शब्दाकडे पाहू. हिंदीत त्यास ‘संसूचक’ म्हणतात. मराठी विश्वकोशाने ‘अभिज्ञातक’ हा शब्द योजला. (संस्कृतज्ञास येथे ‘अभिज्ञापक’ अधिक रुचले असते, तो वाद बाजूस ठेवू.) संसूचक म्हणजे सूचना देणारा : काहीतरी आले, एवढे तो सांगतो. अभिज्ञान म्हणजे खुणेवरून पटलेली ओळख. कालिदासाच्या नाटकातील मुद्रिका किंवा सीतेने हनुमंताजवळ दिलेला चूडामणी ही अभिज्ञाने होत. व्हिलार्ड यांना १९०० मध्ये पॅरिस येथे हे किरण आढळले आणि पुढे रदरफर्ड यांनी त्यांना ‘गॅमा’ हे नाव दिले. तेव्हापासून कित्येक दशके जी साधने हाती होती, त्यांना हा भारदस्त शब्द लावणे अतिशयोक्तीचेच ठरले असते. गायगर-म्यूलर नळी प्रत्येक किरणासाठी एक ठोका देते. तो किरण दुबळा की प्रबळ, कोठला, कोणाचा, याविषयी ती काही बोलत नाही. तिला ‘गणित्र’ म्हणणे यथार्थ होते.

ओळख सुरू झाली ती ऊर्जा मोजता येऊ लागल्यावर. प्रत्येक अणुकेंद्राच्या ऊर्जापातळ्या त्याच्या स्वतःच्या असतात. वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर उतरताना ते जो किरण सोडते, त्याची ऊर्जा ही त्या केंद्राची मुद्रिका होय. १९४८ मध्ये हॉफस्टॅटर यांनी थॅलियममिश्रित सोडियम आयोडाइडचा स्फटिक वापरात आणला. गॅमा-किरण शोषताच हा स्फटिक चमकतो, आणि चमकेच्या तेजावरून ऊर्जा कळते. परंतु या मुद्रिकेवरील अक्षरे पुसट होती. सीझियमच्या सुपरिचित ६६२ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या रेषेची रुंदी तो सुमारे सात टक्के, म्हणजे पंचेचाळीस हजारांच्या आसपास दाखवतो. १९६० नंतरच्या दशकात जर्मेनियमचे अर्धसंवाहक स्फटिक आले. द्रव नायट्रोजनाने उणे १९६ अंशांपर्यंत थंड ठेवलेला असा स्फटिक कोबाल्टची १३३२ हजारांची रेषा केवळ दोन हजारांच्या रुंदीत बसवतो. ‘अभिज्ञातक’ हा शब्द खऱ्या अर्थाने लागू पडला तो येथे.

तरीही एक मोठी अडचण उरली. गॅमा-किरण स्फटिकात शिरून आपली सारी ऊर्जा तेथेच ठेवील, असा नेम नाही. बहुधा तो एखाद्या इलेक्ट्रॉनावर आदळतो, ऊर्जेचा काही अंश त्यास देतो आणि उरलेली घेऊन बाहेर निसटतो. यास कॉम्पटन परिणाम म्हणतात. अशा वेळी स्फटिक जी ऊर्जा नोंदवतो ती कोणत्याच केंद्राची नसते. ती तुटकी मुद्रिका होय. उघड्या स्फटिकातील नोंदींपैकी जेमतेम पाचांत एक पूर्ण ऊर्जेची असते, बाकीचा पसारा अशा तुकड्यांचा. यावर योजलेला पहिला उपाय कठोर होता. स्फटिकाभोवती बिस्मथ जर्मेनेटचे कवच घालावयाचे; ज्या क्षणी आत आणि कवचात एकदम नोंद होईल, त्या क्षणीची नोंद रद्द करावयाची. त्यायोगे पूर्ण नोंदींचे प्रमाण निम्म्यापलीकडे गेले. संशयित पाठ सरसकट गाळून टाकणाऱ्या संपादकाचीच ही रीत होय.

या रीतीने काय साधले, याचे उदाहरण डिस्प्रोशियम-१५२ चे. इंग्लंडमधील डेअर्सबरी येथे पीटर ट्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये कवच घातलेल्या जर्मेनियम-स्फटिकांच्या मांडणीने या केंद्राचे किरण टिपले, तेव्हा सुमारे ४७ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टांच्या जवळजवळ समान अंतराने एकोणीस रेषांची ओळ दिसली. या समांतर रेषांचा अर्थ एकच होता : हे केंद्र प्रचंड वेगाने फिरत आहे, आणि ताणले जाऊन त्याचा लांब अक्ष आखूड अक्षाच्या दुप्पट झाला आहे. सोडियम आयोडाइडच्या रेषेची रुंदीच जवळजवळ या अंतराएवढी असते, हे ध्यानात घेतले म्हणजे आधीच्या पिढीच्या उपकरणास ही ओळ का वाचता आली नसती, हे उमगते.

भारतातील प्रयत्न याच वळणाचा. कुलाब्यातील पेलेट्रॉन हा कणवेगवर्धक १९८८ च्या अखेरीस सुरू झाला, दिल्लीतील त्यानंतर. पुढे मुंबई, दिल्ली आणि कोलकाता येथील संस्थांनी मिळून ‘इंडियन नॅशनल गॅमा अ‍ॅरे’ ही सामाईक मांडणी उभी केली. ती आळीपाळीने या तीन शहरांतील वेगवर्धकांवर नेली जाते. तिच्यात चोवीसपर्यंत ‘क्लोव्हर’ बसू शकतात. क्लोव्हर म्हणजे एकाच वेष्टनात पानांप्रमाणे चिकटून ठेवलेले चार जर्मेनियम-स्फटिक. मराठीत त्यास ‘चतुर्दल’ म्हणावे, असे मी सुचवितो. एका दलात किरणाने अर्धी ऊर्जा ठेवली आणि उरलेली शेजारच्या दलात, तर दोहोंची बेरीज करून पूर्ण मुद्रिका परत मिळते. गाळण्याऐवजी जोडणे, हा येथील नवा विचार होय. शिवाय किरण कोणत्या दलाकडून कोणत्या दलाकडे विखुरला, आडवा की उभा, यावरून तो विद्युत् स्वरूपाचा की चुंबकीय, हेही ठरवता येते; आपल्याकडील अनेक अभ्यास या गुणावर आधारलेले आहेत. या चतुर्दलांसाठी लागणारे इलेक्ट्रॉनिक संच दिल्लीच्या केंद्रात घडवले गेले. मुंबईत २०१० च्या सुमारास स्पंदांची नोंद अंकांत घेण्याची पद्धत आली; तीत सेकंदाला दहा कोटी वेळा स्पंदाचे माप घेतले जाते.

अलीकडची पिढी यापुढे एक पाऊल जाते. युरोपातील ‘अगाटा’ आणि अमेरिकेतील ‘ग्रेटिना’ या मांडण्यांत कवच काढूनच टाकले आहे. जर्मेनियमचा प्रत्येक स्फटिक विजेच्या दृष्टीने छत्तीस खणांत विभागलेला असतो. खणांतील स्पंदांच्या आकारावरून किरण नेमका कोठे आदळला, हे सुमारे पाच मिलिमीटरांपर्यंत सांगता येते. मग त्या सर्व आघातबिंदूंचा क्रम लावून एका किरणाची वाट पुन्हा रचली जाते. इंग्रजीत याला ‘ट्रॅकिंग’ म्हणतात, आणि त्यासाठी संस्कृतातून नवा शब्द घडवण्याचे काही कारण मला दिसत नाही. आपल्या गावगाड्यात ‘माग काढणे’ ही रीतसर व्यवस्था होती. चोरी झाली की गावचा रखवालदार पावलांचा माग काढीत शिवेपर्यंत जाई. माग शिवेपलीकडे गेला तर तो पुढच्या गावाच्या स्वाधीन केला जाई आणि शोधाची जबाबदारी त्या गावावर येई. पाचशे हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टांचा हिशेब एका स्फटिकाच्या शिवेवर अपुरा राहिला की तो शेजारच्या स्फटिकाच्या हवाली करावयाचा, हेच नव्या मांडणीचे सूत्र होय. कवचाची पद्धत म्हणजे माग शीव ओलांडताच तक्रार निकालात काढणे. ‘मागग्राही अभिज्ञातक’ असे म्हटले तर अर्थ खेड्यातील विद्यार्थ्यालाही लागेल.

येथवर मराठी शब्द उपकरणांच्या बाजूने उभे राहतात. उणा पडणारा शब्द दुसरा : ‘न्यूक्लिअस’ साठीचा ‘अणुकेंद्र’. हिंदीने ‘नाभिक’ म्हटले, म्हणजे देहातील बेंबीचे रूपक घेतले. कन्नडमध्ये त्यासाठी ‘बीज’ आणि ‘बैजिक’ ही रूपे वापरात आहेत, म्हणजे शेतातले. मराठीने भूमितीकडे धाव घेतली. केंद्र हा बिंदू. त्याला लांबी, रुंदी, आकार काहीच नाही. रदरफर्डच्या अणूसाठी ते चालून जाणारे होते, कारण त्या चित्रात मधोमध असणे हाच न्यूक्लिअसचा मुख्य गुण होता. परंतु गॅमा-किरणांच्या अभिज्ञातकांनी गेल्या चाळीस वर्षांत जे दाखवले ते नेमके उलटे आहे : न्यूक्लिअसला आकार आहे, तो गोल, लांबट, चपटा असू शकतो, स्वतःभोवती फिरतो, फिरता फिरता आकार बदलतो, त्याच्या आत थर आहेत. ‘केंद्र ताणले गेले’ हे वाक्य मी वर लिहिले ते भौतिकीच्या वाचकाला खटकणार नाही. भूमितीच्या वाचकाला ते निरर्थक वाटेल. ‘बीज ताणले गेले’ यात अशी अडचण येत नाही. बीजाला अंग असते, टरफल असते, आत काही चाललेले असते. कन्नड परिभाषाकारांना हे आधी ठाऊक होते, असे नव्हे; त्यांनी निवडलेले रूपक पुढच्या उपकरणांच्या कसोटीस उतरले, एवढेच.

‘अणुकेंद्र’ आता पाठ्यपुस्तकांत, परीक्षांत आणि विश्वकोशाच्या अनेक खंडांत रुजले आहे. ते उपटून काढण्याचा आग्रह कोणी धरू नये. पण जेथे आकाराविषयी, परिवलनाविषयी किंवा अंतर्रचनेविषयी बोलावयाचे असेल, तेथे मराठी लेखकाने ‘बीज’ हा शब्द शेजारच्या भाषेकडून उसना घेण्यास हरकत नसावी. विश्वकोशाच्या नव्या आवृत्तीत ‘अणुकेंद्र’ या नोंदीखाली ‘बीज’ हा पर्याय आणि ‘अभिज्ञातक’ या नोंदीखाली ‘गणित्र’ व ‘मागग्राही’ हे दोन भेद दिले गेले, तर प्रयोगशाळेतील पुढच्या मराठी लेखकास निदान कोठून आरंभ करावा हे कळेल.