सर, दुसऱ्याच्या नावाचं काम किती दिवस करायचं?

मागच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच. भोसरीत एक लेथ, दोन माणसं. पार्ट आपण बनवायचा, नाव मोठ्या कंपनीचं. मग वाटतं, कर्ज काढून एकदम स्वतःचा ब्रँडच काढावा. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी पाचगणीच्या एका पियानोवाल्याची गोष्ट ऐका.

साल 1958. सेंट पीटर्स स्कूलच्या बोर्डिंगमधल्या पाच पोरांनी 'द हेक्टिक्स' नावाचा रॉक अँड रोल बँड काढला. बास गिटार नव्हती, तर फारंग इराणीनं चहाच्या लाकडी खोक्यावर काम भागवलं. (याच फारंगनं पुढे पुण्यात 'बाउंटी सिझलर्स' चालवलं. तुमच्यापैकी कुणी तिथं जेवलंही असेल!) पुढे उभा राहून गायचा ब्रूस मरे. आणि पियानोवर बारा वर्षांचा एक पारशी मुलगा, फर्रोख बलसारा. घर लांब झांझिबारला. आठव्या वर्षीच इथं शिकायला पाठवलेला.

बँडचा चेहरा तो नव्हता. पण मुलाला कान आहे हे शाळेनं ओळखून घरी कळवलं. घरच्यांनी जादा फी भरून शिकवणी लावली आणि तो पियानोच्या चौथ्या ग्रेडपर्यंत पास झाला. बँडमध्ये वाजवायचे ते क्लिफ रिचर्डची, लिटल रिचर्डची गाणी. म्हणजे चक्क जॉबवर्क! ड्रॉइंग दुसऱ्याचं. पण दुसऱ्याचं गाणं वाजवतानाही ते कुठं चढतं, कुठं थांबतं, हे बोटांना कळावंच लागतं.

हाच मुलगा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला. 1970 मध्ये लंडनला 'क्वीन' बँड, 1975 मध्ये 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. लिहिलं त्यानं, गायलं त्यानं, पियानोही त्याचाच. हेक्टिक्सपासून मोजा, सतरा वर्षं.

म्हणाल, त्याच्यात टॅलेंट होतं. होतंच. आणि तुम्ही सतरा वर्षं थांबा, असंही मी म्हणत नाहीये. पण पाच वर्षं एकच बुश बनवणाऱ्याला मी विचारतो, हा गाडीत नेमका कुठं बसतो? तेव्हा बरेच जण गप्प होतात. असं असताना ब्रँडसाठी घर गहाण ठेवायचं म्हटलं, की मला भीती वाटते.

या आठवड्याचं काम: तुमचा एकच पार्ट घ्या. तो कुठं बसतो, टॉलरन्स तेवढाच का दिलाय, रिजेक्ट झाला तर तुमचे किती रुपये जातात, हे चाकणला माल द्यायला जाल तेव्हा क्वालिटीवाल्याला विचारून वहीत लिहा. पुढच्या व्हिडिओत त्याच वहीवरून कॉस्टिंग काढूया.