बातमीतली सिस्टिमॅटिक एरर

फर्स्ट इयरला मेजरमेंटच्या प्रॅक्टिकलमध्ये आपण दोन प्रकारच्या चुका शिकतो. पहिली रँडम एरर. एक रीडिंग थोडं जास्त येतं, दुसरं थोडं कमी. दहा रीडिंग्ज घेऊन सरासरी काढली की ही चूक बऱ्यापैकी निघून जाते. दुसरी सिस्टिमॅटिक एरर. व्हर्निअरलाच झीरो एरर असेल तर शंभर रीडिंग्ज घ्या, सरासरी चुकीचीच येणार. शिवाय सगळी रीडिंग्ज एकमेकांशी जुळतात, त्यामुळे आपला विश्वास उलट वाढतो!

बातम्यांचंही तसंच आहे. साफ खोटी बातमी ही बहुधा पहिल्या प्रकारची चूक असते. आज ना उद्या कोणीतरी तिचं खंडन करतं. पण प्रसारमाध्यमांचा कल, म्हणजे एकाच बाजूला झुकण्याची सवय, ही दुसऱ्या प्रकारची चूक आहे. दहा चॅनेल बदलून पाहिले आणि दहाही तेच सांगत असतील तर ते खरंच असेल असं नाही. कदाचित दहाही पट्ट्या एकाच साच्यातून निघाल्या असतील. ही झीरो एरर बातमीत शिरते कुठून आणि देशाच्या राजकारणापर्यंत, परराष्ट्र धोरणापर्यंत पोहोचते कशी, ते आपल्या भिवंडीपासूनच पाहू.

१. निवड : काय छापायचं?

भिवंडीचं नाव बाहेरगावी सांगितलं की आजही अनेकांना आधी दंगल आठवते. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी इथे दंगल पेटली. तिची आणि तिच्यापाठोपाठ झालेल्या जळगाव व महाड इथल्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. मे १९८४ मध्ये पुन्हा आगडोंब उसळला. या घटना खऱ्या आहेत आणि त्या छापायलाच हव्या होत्या. प्रश्न वेगळाच आहे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. हेही तितकंच खरं आहे. पण हे किती जणांना माहीत आहे?

न घडलेल्या दंगलीचा फोटो निघत नाही, हे त्याचं साधं कारण. लाखो माग रोज खडखडतात, उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणातून आलेले कामगार पाळ्या करतात, ही काही ब्रेकिंग न्यूज होत नाही. यात एकही वाक्य खोटं छापलेलं नसतं. तरीही एकूण चित्र वाकडं उमटतं. आणि मग राजकारण त्या वाकड्या चित्राला धरून चालतं. निवडणुकीत यार्नचा भाव आणि विजेचं बिल मागे पडतं, "आपले" आणि "त्यांचे" पुढे येतं.

२. शब्द : कसं म्हणायचं?

डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरलं आणि साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. आपल्या वर्तमानपत्रांसाठी ती "मुक्ती" होती. पाश्चात्त्य वर्तमानपत्रांतला मोठा सूर मात्र "आक्रमण" असा होता. शांततेचा उपदेश करणाऱ्या नेहरूंनी बळ वापरलं, अशी टीका झाली. सुरक्षा परिषदेत भारताविरुद्धचा ठराव अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या पाठिंब्याने आला आणि सोव्हिएत युनियनच्या व्हेटोमुळे पडला.

घटना एकच, तारीख एकच, शब्द दोन. शब्द ठरला की वाचकाचा निकालही अर्धा ठरतो. आपल्याला "मुक्ती" हाच शब्द बरोबर वाटतो, आणि त्याला सबळ कारणंही आहेत. पण आपल्या घरात सगळे जण जो शब्द एकमुखाने वापरतात, तोही कोणीतरी निवडलेलाच असतो. परदेशी पेपरचा कल आपल्याला चटकन दिसतो, स्वतःच्या पेपरचा दिसत नाही. आपल्या चष्म्याची काच आपल्याला दिसत नाही, तसंच हे.

३. जागा : किती मोठं करायचं?

सप्टेंबर २०११ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग ढाक्याला गेले. ममता बॅनर्जी ऐन वेळी दौऱ्यातून बाहेर पडल्या आणि तीस्ता नदीच्या पाण्याचा करार झाला नाही. मथळे त्याचेच होते. त्याच दौऱ्यात भारताने बांगलादेशच्या ४६ वस्त्र-कलमांना करमुक्त प्रवेश जाहीर केला, आणि ही कलमं मुख्यतः तयार कपड्यांची होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ही सवलत सार्कमधल्या अल्पविकसित देशांच्या जवळजवळ सर्व मालाला मिळाली.

आता सांगा, भिवंडीच्या मागवाल्यासाठी मोठी बातमी कोणती होती? इथे विणलेलं ग्रे कापड प्रोसेसिंगला जातं आणि पुढे त्याचे कपडे होतात. बाहेरून शिवलेला शर्ट स्वस्तात आला तर मागणीचा फटका उलट्या दिशेने मागापर्यंत येतो. पण गोष्ट इतकी सरळही नाही. बांगलादेश हा भारतीय सुती यार्नचा फार मोठा खरेदीदार आहे. तिकडे यार्न जास्त गेलं की इथला भाव हलतो. म्हणजे ढाक्याशी असलेले संबंध आपल्या गल्लीत दोन बाजूंनी पोहोचतात. भिवंडीतल्या मंदीची कारणं अनेक आहेत, सगळं खापर एका करारावर फोडता येणार नाही. पण ज्या निर्णयाची चर्चा व्हायला हवी होती, ती आपल्यापर्यंत आलीच नाही.

२०२५ मध्येही असंच झालं. एप्रिलमध्ये बांगलादेशने जमिनीच्या मार्गाने येणारं भारतीय यार्न बंद केलं. १७ मे रोजी भारताने बांगलादेशच्या तयार कपड्यांना जमिनीवरची नाकी बंद करून फक्त न्हावाशेवा आणि कोलकाता ही बंदरं खुली ठेवली. चर्चा रंगली ती "कोणी कोणाला दणका दिला" या थाटात. यार्नवाला, मागवाला आणि गोदामवाला यांच्या हिशोबात काय बदललं, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

४. फीडबॅक लूप

इलेक्ट्रॉनिक्सवाल्या मित्रांना माहीत आहे की आउटपुटचा भाग त्याच फेजमध्ये पुन्हा इनपुटला दिला तर सर्किट ऑसिलेट होऊ लागतं. माध्यमं चिडलेला सूर लावतात, लोक चिडतात, लोक चिडले म्हणून नेते कडक बोलतात आणि ते कडक बोलणं पुन्हा बातमी होतं. या फेऱ्यात सरकारच्या हातातली वाटाघाटीची जागा आकसत जाते.

जुलै २००९ मध्ये इजिप्तमधल्या शर्म अल-शेख इथे भारत-पाकिस्तानचं संयुक्त निवेदन निघालं. त्यात बलुचिस्तानचा उल्लेख होता. त्यावरून देशात इतका गदारोळ झाला की पंतप्रधानांना संसदेत खुलासा करावा लागला. निवेदन चूक होतं की बरोबर, यावर मतभेद असू शकतात. पण बाकीच्या निवेदनाची शांतपणे चर्चा करण्याची सोय त्या गदारोळाने ठेवली नाही.

याची किंमत कधी कधी रक्ताने मोजावी लागते. २६/११ च्या हल्ल्यात चॅनेलवाल्यांनी कमांडो कारवाई थेट दाखवली. सीमेपलीकडे बसून सूत्रं हलवणारे तीच दृश्यं पाहत होते. ऑगस्ट २०१२ मध्ये कसाब खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. तरी मे २०२५ मधल्या संघर्षात एका रात्री काही चॅनेल्सनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगून टाकलं. तसं काही झालेलं नव्हतं. दोन अण्वस्त्रधारी देश समोरासमोर असताना अशी बातमी म्हणजे गॅसगळतीत काडी ओढणं आहे.

५. कॅलिब्रेशन

झीरो एरर काढायची तर बाहेरचं प्रमाण लागतं. तसं प्रमाण भिवंडीने एकदा उभं केलं होतं. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिट्या तयार झाल्या. दोन्ही समाजांची माणसं आणि पोलीस नियमित एकत्र बसू लागले. त्यामुळे पलीकडच्या मोहल्ल्यात काय झालं हे विचारायला ओळखीचा माणूस होता. अफवेला उत्तर मिळायची सोय होती. १९९२-९३ च्या शांततेमागचं हे एक मोठं कारण मानलं जातं. उलट मुंबईच्या दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने काही मराठी वर्तमानपत्रांच्या चिथावणीखोर लिखाणावर बोट ठेवलं.

आपण विद्यार्थी काय करू शकतो? भिवंडीत मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू वाचणारे शेजारी-शेजारी राहतात. एवढी मोठी प्रयोगशाळा फुकटात कुठे मिळणार? एका दिवसाचे मराठी आणि उर्दू पेपर घ्या. उर्दू येत नसेल तर येणाऱ्या मित्राला सोबत बसवा. एकाच घटनेला किती कॉलम सेंटीमीटर दिले ते पट्टीने मोजा. कोणता शब्द वापरला ते लिहा. कोणाचं म्हणणं घेतलं आणि कोणाचं घेतलं नाही, याचा तक्ता करा. चार आठवडे हे केलं तर कल कोणत्या बाजूला आहे ते आकड्यांत दिसेल.

सगळी माध्यमं विकली गेली आहेत असं म्हणून पेपर बंद करणं म्हणजे झीरो एरर आहे म्हणून व्हर्निअर फेकून देणं. इंजिनिअर तसं करत नाही. तो एरर मोजतो, रीडिंगमधून वजा करतो आणि मगच वहीत उत्तर लिहितो.