तक्त्यासोबत भागांची नावं मागा

मेंदूच्या जोडण्यांच्या विश्लेषणाकडे वळणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच सांगते: भागांच्या नावांची यादी सोबत नसेल, तर तक्त्याला हात लावू नका.

आमच्याकडे दुसऱ्या एका गटाकडून रेस्टिंग-स्टेट एफएमआरआयचे तक्ते आले होते. माणशी एक, ९० बाय ९० चा; प्रत्येक घरात दोन भागांमधला संबंध. एएएल अ‍ॅटलासमधले मोठ्या मेंदूचे ९० भाग. रुग्णांच्या फायलींत मूळ क्रम होता: एक डावा, एक उजवा. निरोगी लोकांच्या फायलींत कोणीतरी आधी ४५ डावे, मग ४५ उजवे भाग लावले होते. नोंद कुठेच नव्हती.

आकार सारखाच, त्यामुळे ब्रेन कनेक्टिव्हिटी टूलबॉक्सने बिनतक्रार आकडे काढून दिले. क्लस्टरिंग, पाथ लेंथ ही अख्ख्या जाळ्याची मापं तर बरोबरच होती. ओळी आणि स्तंभ एकाच क्रमाने हलवले तर ती बदलत नाहीत. म्हणूनच कोणाला शंका आली नाही. घात झाला भागवार तुलनेत. हिप्पोकॅम्पसच्या नावावर भलत्याच भागाचे आकडे लागले आणि दोन गटांत डोळ्यांत भरणारा फरक दिसला. सगळं विश्लेषण नव्याने करावं लागलं.

हे टाळण्यासाठी सरासरी काढण्याआधी प्रत्येक तक्त्याचं चित्र काढून पाहा. डाव्या-उजव्या जुळ्या भागांचा संबंध सहसा घट्ट असतो. क्रम आलटूनपालटून असेल, तर या जोड्या कर्णाला चिकटून दिसतात. आधी सगळे डावे असतील, तर कर्णापासून ४५ घरं दूर समांतर रेघ उमटते.

फायलींची नावं आणि मांडणी यांसाठी २०१६ साली प्रसिद्ध झालेली ‘बिड्स’ पद्धत पहिल्या दिवसापासून पाळा. प्रत्येक तक्त्याशेजारी अ‍ॅटलास, भागांचा क्रम आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहून ठेवा. फ्रीसर्फर या सॉफ्टवेअरची आवृत्ती किंवा संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली तरी मोजमापं बदलतात, हे २०१२ मध्येच दिसून आलं आहे. डोक्याच्या हालचालीचे आकडेही जपा. किंचित हालचालीनेही जवळच्या भागांचे संबंध फुगतात आणि दूरचे क्षीण होतात.

यादी नसलेली फाइल आली, तर पाठवणाऱ्याला विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. स्कॅनरच्या कर्कश आवाजात निश्चल पडून राहिलेल्या रुग्णांचं एवढं देणं आपण लागतो.