बौद्धिक संपदा-कायद्याचें उच्च शिक्षण व शेतकरी कुटुंब

शेतकऱ्याच्या संपत्तीची मोजदाद करावयाची झाल्यास जमीन, विहीर, गुरेंढोरें, अवजारें व कोठारांतील धान्य एवढ्या गोष्टी आपण मोजतों. जमिनीचा उतारा तलाठ्याकडे असतो व बाकीच्या वस्तु डोळ्यांस दिसतात. परंतु पिढ्यानुपिढ्या निवडून राखलेलें बियाणें, अवजाराची स्वतःस सुचलेली नवी रचना किंवा गांवाच्या मालास बाजारांत मिळालेलें नांव ही देखील संपत्तीच होय. तिचा उतारा मात्र आपणांपैकीं फार थोड्यांजवळ असतो. कायदा या अदृश्य संपत्तीस बौद्धिक संपदा म्हणतो. या विषयाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम आपल्या देशांत चालू असून, शेतकऱ्यांच्या मुलामुलींनीं तिकडे वळावें कीं काय, याचा विचार या पाठांत कर्तव्य आहे.

१. उतारा नसल्यास काय होतें

चंद्रपूर जिल्ह्यांतील नांदेड या गांवचे अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांस १९८३ सालीं पटेल-३ जातीच्या भातांत कांहीं वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनीं त्या निराळ्या काढल्या, पुढें कित्येक हंगाम निवड चालविली आणि बारीक दाण्याचा उत्तम तांदूळ सिद्ध केला. त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्यास 'एचएमटी' हें नांव पडलें. १९९८ सालीं अकोल्याच्या कृषि विद्यापीठानें त्यापासून शुद्ध केलेला वाण 'पीकेव्ही-एचएमटी' या नांवानें प्रसारित केला. तांदूळ अनेक राज्यांत पसरला. खोब्रागडे यांस पुरस्कार मिळाले, मान मिळाला. परंतु वाणाचा हक्क म्हणून जें उत्पन्न यावयाचें तें आलें नाहीं. २०१८ सालीं ते निवर्तले, तेव्हां औषधपाण्याच्या खर्चाची विवंचना कुटुंबास होतीच.

येथें दोष कोणाचा हें शोधीत बसण्यापेक्षां एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. १९९८ सालीं वाणाचा हक्क नोंदविण्याचा कायदाच या देशांत नव्हता. आज तो आहे. पण तो वाचून वेळेवर अर्ज करणारा माणूस जवळ नसेल, तर कायदा असून नसल्यासारखाच.

२. कायद्यांत शेतकऱ्यास काय दिलें आहे

'पिकांचे वाण संरक्षण व शेतकरी हक्क' हा कायदा २००१ सालीं संमत झाला. त्याखालीं नवा वाण काढणाऱ्यास जसा हक्क मिळतो, तसाच शेतकऱ्यानें किंवा शेतकऱ्यांच्या समूहानें जोपासलेला वाणहि नोंदवितां येतो. वाण इतरांहून वेगळा, एकसारखा व पिढ्यान् पिढ्या स्थिर असला पाहिजे. हक्काची मुदत सामान्य पिकांस १५ वर्षें, तर वृक्ष व वेली यांस १८ वर्षें आहे. शेतकऱ्यास या कामीं फी द्यावी लागत नाहीं.

कलम ३९ प्रत्येक शेतकऱ्यानें पाठ करावें असें आहे. संरक्षित वाणाचें सुद्धां घरचें बियाणें राखणें, पेरणें, अदलाबदल करणें व विकणें यांस शेतकरी मुखत्यार आहे. मात्र त्या वाणाच्या नांवाचें लेबल लावून, पिशवींत भरून तें विकतां येत नाहीं. विकत घेतलेलें संरक्षित बियाणें सांगितल्याप्रमाणें न उतरल्यास भरपाई मागण्याची तरतूदहि त्याच कलमांत आहे.

पेटंटाचा कायदा निराळा. त्याच्या कलम ३ अन्वयें शेतीची पद्धत, तसेंच वनस्पति, बियाणें व वाण यांवर पेटंट मिळत नाहीं. परंतु नव्या अवजारावर किंवा यंत्रावर मिळूं शकतें, आणि तें अर्जाच्या तारखेपासून २० वर्षें टिकतें. म्हणून नवें अवजार प्रदर्शनांत मांडण्यापूर्वीं अर्जाचा विचार करावा. आधीं जगजाहीर केलेली युक्ति पुढें नवी ठरत नाहीं.

तिसरा प्रकार भौगोलिक चिन्हाचा. नाशिकचीं द्राक्षें, नागपूरचीं संत्रीं, सांगलीची हळद, मंगळवेढ्याची ज्वारी यांस असें चिन्ह मिळालें आहे. हें चिन्ह कोणा एकाचें नसून त्या भागांतील उत्पादकांचें असतें. तथापि त्याचा लाभ घेऊं इच्छिणाऱ्या बागाईतदारानें अधिकृत वापरकर्ता म्हणून आपलें नांव स्वतंत्रपणें नोंदवावें लागतें. पुष्कळांस हें ठाऊकच नसतें.

३. हक्क असूनहि जाणकार कां हवा

२०१९ सालीं पेप्सिको कंपनीनें आपल्या नोंदलेल्या बटाट्याची लागवड केली म्हणून गुजरातेंतील चार शेतकऱ्यांवर अहमदाबादेस दावे लाविले. मागणी प्रत्येकीं एक कोटी रुपयांहून अधिक होती. देशभर ओरड झाली, कलम ३९ पुढें आलें आणि कंपनीनें दावे मागें घेतले. नंतर शेतकऱ्यांच्या बाजूनें त्या वाणाच्या नोंदणीसच हरकत घेण्यांत आली. वाणाचा वर्ग व पहिल्या विक्रीची तारीख अर्जांत बरोबर लिहिलेली नव्हती, हा त्यांतील एक मुख्य मुद्दा. २०२१ सालीं प्राधिकरणानें नोंदणी रद्द केली. २०२३ सालीं दिल्ली हायकोर्टाच्या एका न्यायाधीशांनीं तो निर्णय कायम केला. आणि २०२४ च्या जानेवारींत त्याच कोर्टाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठानें तो फिरविला. एका तारखेवर व एका रकान्यावर इतकीं वर्षें वाद चालतो, तेथें केवळ न्याय आपल्या बाजूस आहे म्हणून भागत नाहीं. कागद वाचणारा आपला माणूस लागतो.

४. शिक्षणाचा मार्ग

या विषयांतील मुख्य पदवी म्हणजे एल्एल्.एम्. तीस प्रवेश मिळण्यासाठीं आधीं कायद्याची पदवी हवी. ती बारावीनंतर ५ वर्षांत किंवा कोणत्याहि पदवीनंतर ३ वर्षांत मिळते. एल्एल्.एम्. कांहीं ठिकाणीं १ वर्षाचें, कांहीं ठिकाणीं २ वर्षांचें असतें. कृषि-पदवीस ४ वर्षें लागतात हें धरल्यास, त्या वाटेनें जाणाऱ्या मुलाचीं बारावीनंतर ८ ते ९ वर्षें खर्चीं पडतील. खर्चाचा हिशेब आधींच मांडावा.

महाराष्ट्रांत मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथें राष्ट्रीय विधि विद्यापीठें आहेत. अशा विद्यापीठांसाठीं सामायिक प्रवेशपरीक्षा होते. खरगपूरच्या आय.आय.टी.मध्यें तर २००६ पासून या विषयाची स्वतंत्र विधिशाळा आहे. ज्यांस घर सोडणें शक्य नाहीं, त्यांनीं इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठासारख्या ठिकाणचा पदव्युत्तर डिप्लोमा घरीं राहून करावा.

दोन गोष्टींत गल्लत होऊं देऊं नये. वकिलीची सनद एल्एल्.एम्.मुळें मिळत नाहीं, ती एल्एल्.बी. व वकील परिषदेची परीक्षा यांवर मिळते. उलटपक्षीं, पेटंट एजंट होण्यास कायद्याची पदवी लागतच नाहीं. २१ वर्षें पूर्ण झालेल्या, विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रविद्येचा पदवीधर असलेल्या भारतीय नागरिकास ती परीक्षा देतां येते.

५. कोणास पाठवावें व त्यानें काय करावें

ज्या मुलास वाण ओळखण्याची आवड आहे आणि कागदपत्र चिकाटीनें वाचण्याचा कंटाळा नाहीं, त्यास हा विषय मानवेल. झटपट श्रीमंतीच्या आशेनें पाठवूं नये. गांवचे अर्ज लिहून कोणी गबर होत नाहीं. एल्एल्.एम्.च्या अखेरीस प्रबंध लिहावयाचा असतो. त्यासाठीं परदेशांतील औषधांचा विषय घेण्याऐवजीं आपल्या तालुक्यांतील वाणांची नोंद हा विषय विद्यार्थ्यानें घ्यावा. त्याचा अभ्यासहि होईल व गांवाचें दप्तरहि तयार होईल.

तोंवर प्रत्येक सभासदानें एक काम आजच करावें. आपल्या घरीं राखलेल्या वाणाचें नांव, तो कोणाकडून आला, किती वर्षांपासून पेरला जातो, दाणा, कणीस व पक्व होण्याचे दिवस हें सर्व एका वहींत तारखेसह लिहून ठेवावें. उद्यां मुलगा किंवा मुलगी कायदा शिकून परत आली, तर अर्जाबरोबर जोडावयास तीच वही तिच्या हातीं द्यावी लागेल.