वावडी आणि चाक



आषाढात आपल्या चिकोडीच्या माळावर पश्चिमेचा वारा कसा घोंघावतो, हे तुम्हांस सांगावयास नको. सह्याद्री ओलांडून आलेला हा वारा पाऊस थोडा देतो. पण घरांची पत्रे मात्र हालवून सोडतो. अशाच एका दुपारी आपल्या काही विद्यार्थ्यांनी एक प्रयोग केला. एका फळीला खालून जुनी बेअरिंगे बसवून त्यांनी गाडी तयार केली. खताचे रिकामे पोते उसवून त्याचा मोठा पतंग केला. एक जण गाडीवर बसला, त्याने दोरी हाती धरली आणि पतंग वर चढला. परंतु गाडी जागची हालली नाही. तेवढ्यात पतंगाने एकाएकी आडवी धाव घेतली. मुलाने दोरी तळहाताला गुंडाळली होती. ती कचकन आवळली आणि हात रक्तबंबाळ झाला.

दुसऱ्या दिवशी हाताला पट्टी बांधून तो मुलगा माझ्याकडे आला. हाताविषयी तो काहीच बोलला नाही. त्याने विचारले, "सर, वारा पत्रे उडवितो, मग आमची गाडी त्याने का ओढली नाही?"

प्रश्न चांगला होता. त्याचे उत्तर शोधिता शोधिता आम्ही ज्या गोष्टी शिकलो, त्या येथे सांगतो.

१. काट्याची साक्ष

प्रथम आम्ही प्रयोगशाळेतील स्प्रिंगचा काटा गाडीला अडकविला. तोच मुलगा गाडीवर बसला व दुसऱ्याने काटा धरून गाडी ओढली. मुरमाच्या मैदानावर गाडी हालावयास सुमारे चार किलो वजनाइतका जोर लागला. शाळेच्या सिमेंटच्या गुळगुळीत ओट्यावर मात्र एका किलोत काम भागले.

आता वाऱ्याचा जोर पाहू. हवेची घनता दर घनमीटरास सुमारे १.२ किलोग्रॅम असते. वेगाचा वर्ग करून त्यास घनतेने गुणावे व त्याची निमपट करावी, म्हणजे एक चौरस मीटरवर पडणारा वाऱ्याचा दाब ढोबळ मानाने मिळतो. ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदास ५ मीटर वारा धरला, तर हा दाब १५ न्यूटन येतो. म्हणजे जेमतेम दीड किलो वजन! पोत्याचा पतंग साधारण एक चौरस मीटरचा होता. त्याच्या ओढीचा काही भाग वरच्या दिशेने वाया जातो. मग चार किलोंची अडवणूक तो कसा जिंकणार?

परंतु हिशेब येथे संपत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. शिवाय पतंग स्थिर उभा न राहता वाऱ्याला आडवा धावू लागला, तर त्याला स्वतःच्या धावेचाही वारा लागतो. समजा, तो वाऱ्याच्या दुप्पट वेगाने आडवा धावला. पायथागोरसचा सिद्धान्त आठवा : एकाचा वर्ग एक, दोनाचा वर्ग चार, बेरीज पाच. म्हणजे जोर पाचपट! तळहात कापला तो या पाचपटीने. जी वावडी गाडी हालवू शकली नाही, तिनेच क्षणार्धात हात चिरला, यात विसंगती काहीच नाही.

२. ब्रिस्टलचे मास्तर

आपल्या विद्यार्थ्यांना जे सुचले, ते दोनशे वर्षांपूर्वी एका शिक्षकाला सुचले होते. इंग्लंडातील ब्रिस्टल शहरी जॉर्ज पोकॉक नावाचे एक शाळामास्तर होते. त्यांना लहानपणापासून पतंगांचे वेड. पतंगाच्या दोरीला आधी दगड, मग फळी बांधून ती ओढली जाते काय, हे ते पाहत. इ. स. १८२४ मध्ये त्यांनी आपली कन्या मार्था हिला खुर्चीत बसवून मोठ्या पतंगाने आकाशात उचलले. ती सुखरूप खाली आली. पुढे जगप्रसिद्ध झालेले क्रिकेटपटू डब्ल्यू. जी. ग्रेस हे याच मार्थाचे पुत्र.

१८२६ मध्ये पोकॉकांनी पतंगाने ओढल्या जाणाऱ्या गाडीचे एकस्व मिळविले. लांब दोरीवर एकामागे एक असे दोन पतंग चढविलेले असत, आणि गाडी ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर वेगाने जाई. त्या काळी तेथील रस्त्यांवर घोड्यांच्या संख्येवरून पथकर घेत. या गाडीला घोडाच नाही, मग कर कशाचा घ्यावा, असा पेच नाकेदारांना पडे. पोकॉकांच्या युक्तीचे मर्म मात्र अन्यत्र होते. त्यांच्या पतंगाला एकच दोरी नसून अनेक दोऱ्या होत्या. त्या कमीजास्त ओढून पतंग डावीउजवीकडे वळविता येई व त्याचा जोर कमी करिता येई. गाडी थांबविण्यासाठी रस्त्यात रुतणारा दांडाही होता. ओढण्याची सोय करण्यापूर्वी थांबण्याची सोय त्यांनी केली होती.

३. नवा पतंग, नवी चाके

पुढे आगगाडी आली, मोटार आली आणि पतंगाची गाडी मागे पडली. ती कल्पना पुन्हा जागी झाली ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. अमेरिकेत डोमिना जॅल्बर्ट यांनी १९६४ च्या सुमारास काड्या नसलेला, कापडी कप्प्यांचा पतंग बनविला. पुढच्या तोंडातून वारा आत शिरला की कप्पे फुगतात आणि पक्ष्याच्या पंखासारखा आकार आपोआप तयार होतो. न्यूझीलंडचे पीटर लिन यांनी १९९० च्या सुमारास अशा पतंगाने ओढावयाची तीनचाकी हलकी गाडी लोकप्रिय केली. त्यानंतर हौशी लोकांनी लांब चाकाच्या फळ्या, म्हणजे लाँगबोर्ड, आणि पायांतील स्केट हेही या पतंगांना जोडले.

या खेळाची भावंडे आपल्यापासून फार दूर नाहीत. गोव्यातील मोरजी-आश्वे किनाऱ्यावर दुपारच्या समुद्रवाऱ्यात फळीवर उभे राहून पतंगाने लाटांवरून धावणारे खेळाडू दिसतात. बेळगावात अलीकडच्या काळात आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सव भरला आहे. चाकांच्या बाबतीत तर बेळगावचे नाव मोठे आहे. तेथील रोहन कोकणे याने २०११ साली स्केटवर, अंग जमिनीलगत झुकवून, ओळीने उभ्या केलेल्या २० मोटारींखालून जाण्याचा विक्रम केला. पतंग आणि चाक दोन्ही आपल्या जिल्ह्याला परिचित आहेत. त्यांना एकत्र आणणारे शास्त्र तेवढे शिकावयाचे आहे.

४. जाणे सोपे, येणे अवघड

पश्चिमेचा वारा आहे आणि रस्ता पूर्वेकडे जातो. पतंग आपल्याला पूर्वेस नेईल. पण परत कोण आणील? म्हणून जाणता खेळाडू वाऱ्याच्या दिशेने न जाता वाऱ्याला आडवा जातो. दक्षिणोत्तर मार्गावर तो तोच वारा घेऊन जातो आणि तोच वारा घेऊन परततो. हे शक्य होते ते चाकांमुळे. चाक पुढेमागे सहज फिरते, पण बाजूला घसरत नाही. शिडाच्या होडीला पाण्याखालचा कणा जे काम देतो, तेच येथे चाक करिते. बाजूची ओढ अडली की उरलेली ओढ पुढे नेते.

पतंग आकाशात कोठे आहे यालाही महत्त्व आहे. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा व समोर अर्धे घड्याळ कल्पा. पतंग बाराच्या ठिकाणी, म्हणजे डोक्यावर असता ओढ थोडी. नऊ किंवा तीनच्या कडेला असताही थोडी. परंतु अगदी समोर, खालच्या मधल्या भागात तो आला की पूर्ण जोर करितो. म्हणून नवशिक्याने पतंग नेहमी कडेला चढवावा. मध्यभागी कधीही नाही.

५. सोडण्याची विद्या

आता काट्याची साक्ष पुन्हा आठवा. वाळूवर किंवा गवतावर अडवणूक जास्त, म्हणून तेथे मोठा पतंग लागतो. पक्क्या रस्त्यावर अडवणूक थोडी, म्हणून लहान पतंग पुरतो. मात्र जो रस्ता अडवीत नाही, तो सावरीतही नाही. वाळू वेग गिळते, पडणाऱ्याला झेलते. डांबर यांतले काहीच करीत नाही. याकरिता जाणते खेळाडू काही नियम कसोशीने पाळतात.

डोक्यास शिरस्त्राण, गुडघ्यांना व कोपरांना गाद्या आणि हातांत मोजे यांवाचून ते चाकावर पाय ठेवीत नाहीत. आधी पतंग निराळा शिकतात आणि चाक निराळे. दोन्ही अंगवळणी पडल्यावरच त्यांची जोडी घालतात. दोरी ते हाताला कधीही गुंडाळीत नाहीत. दोरीच्या टोकांना मुठी असतात. मुठी सोडल्या की मनगटाला जोडलेली निराळी दोरी पतंगाची मागची कड ओढते आणि पतंग वारा सांडून निमूट खाली बसतो. मैदान मोकळे व वाहनांना बंद असलेलेच निवडतात. विजेच्या तारा, झाडे, माणसे यांच्याजवळ ते पतंग काढीत नाहीत; इमारतीच्या आडोशालाही नाही, कारण तेथे वारा भोवऱ्यासारखा फिरतो व पतंग केव्हा झेप घेईल याचा नेम राहत नाही.

संकेश्वर-निपाणीवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग कितीही गुळगुळीत दिसला, तरी ते या खेळाचे मैदान नव्हे, हे वेगळे सांगावयास नकोच. काचेची पूड लावलेला किंवा नायलॉनचा मांजा तर या खेळातच काय, कोणत्याच खेळात नको. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली आहे. दुचाकीवरून जाणाऱ्यांचे गळे आणि पक्ष्यांचे पंख त्याने चिरले आहेत.

तो मुलगा आता बरा आहे. तळहातावर एक बारीक रेघ राहिली आहे. परवा तो एक नवे चित्र घेऊन आला. त्यात गाडी नव्हती, पतंगही अर्धवटच होता. पण दोन मुठी आणि पतंग खाली पाडणारी दोरी त्याने फार काळजीपूर्वक काढली होती. तो म्हणाला, "सर, आधी हे करतो. गाडीचे मग पाहू."

मला वाटते, त्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्यालाच सापडले आहे. शक्ती कशी धरावी हे कोणीही चटकन शिकतो. ती केव्हा व कशी सोडावी हे ज्याला आधी समजले, त्यानेच ती धरावी.

स्वाध्याय

१) ताशी ३६ किलोमीटर वाऱ्यात एक चौरस मीटरवर किती दाब पडेल? वरील रीतीने काढा.
२) पतंग वाऱ्याच्या तिप्पट वेगाने आडवा धावला, तर जोर किती पट होईल?
३) आपल्या शाळेच्या मैदानावर आषाढात व पौषात वारा कोणत्या दिशेने वाहतो, याची आठ दिवस नोंद ठेवा आणि जाऊन परत येण्यासाठी मार्ग कोणत्या दिशेचा हवा ते ठरवा.