जिथे रान चांगलं आहे, तिथून

चेनसॉ कुठली घेऊ, असं तू विचारलंस. घे गं, जरूर घे, पण यंदा नको. या वर्षी एक चांगली हातकात्री, लांब दांड्याचा लॉपर, कातड्याचे हातमोजे आणि गुडघ्याखाली घ्यायला एखादी जुनी उशी, एवढं पुरे. सिडनीहून तीन तास गाडी हाकत डंगॉगला तू घेतलेल्या जमिनीवर जायचं आणि तिथे उशीवर बसून रोपं उपटायची, हे ऐकून तुझा हिरमोड झाला असेल. तरी तेच सांगतेय.

फाटकातून आत गेलं की डोळ्यांत भरते ती माजलेली लँटाना. आपली घाणेरीच ती, सह्याद्रीच्या उतारांवर टणटणी म्हणून पसरली आहे तीच. मूळची अमेरिका खंडातली. शोभेचं झाड म्हणून भारतातही आणली, इथे ऑस्ट्रेलियातही आणली, आणि दोन्हीकडे तिनं रान गिळलं. ती बघून कुणालाही वाटतं, आधी हा डोंगर फोडू, मग बाकीचं बघू. मी सांगते, नेमकं उलटं कर. ओढ्याच्या वर, उंच निलगिरींच्या सावलीत तुझा तो बरा कोपरा आहे ना, जिथे घाणेरीची दोन-चार झुडपंच शिरली आहेत, तिथून सुरुवात कर.

हे काही माझं डोकं नाही. सिडनी हार्बरच्या काठाला मॉसमन आहे, तिथे दोघी बहिणी राहत होत्या, आयलीन आणि जोन ब्रॅडली. 1960 च्या दशकात त्या घराजवळच्या बुशमध्ये, म्हणजे इथल्या मूळच्या रानात, फिरायच्या आणि बारकाईनं बघायच्या. सरसकट कापणी झाली की तण दुप्पट जोमानं उगवतं आणि जिथे एखाद-दुसरं तण हातानं अलगद काढलं तिथे मूळचं रान आपणहून जागा भरून काढतं, हे त्यांनी हेरलं. त्यांच्या पद्धतीचे तीन नियम आहेत. चांगल्या भागाकडून वाईटाकडे सरकायचं. माती कमीत कमी उसकटायची. आणि मूळची झाडं ज्या वेगानं परत येतील त्याच वेगानं पुढची जागा मोकळी करायची. दोघी गेल्यानंतर 1988 मध्ये ‘ब्रिंगिंग बॅक द बुश’ हे पुस्तक निघालं. तेवढं मिळवून वाच.

कारण साधं आहे. चांगल्या भागातल्या मातीत मूळच्या झाडांचं बी पडलेलं असतं, वर सावली असते. तिथे एक झुडूप काढलंस तर रिकामी जागा भरायला घरचे हकदार तयार असतात. याउलट घाणेरीचं जाळं एका दमात सपाट केलंस की उघड्या मातीवर ऊन पडतं आणि वर येतं काय, तर घाणेरीचंच बी. मग दर पंधरवड्याला तेच काम. याला कंटाळूनच लोक जमीन विकायला काढतात.

उपटतानाही घाई नको. पावसानंतर माती ओली असताना बुडाशी धरून हळू ओढ, मुळांची माती तिथेच झटक, खड्डा बोटांनी दाबून बुजव आणि बाजूला सारलेला पालापाचोळा परत वर पसर. मोठं झुडूप उपटायचंच नाही. ते जमिनीलगत आडवं कापायचं आणि लगेच, पंधरा सेकंदांच्या आत, कापल्या जागी ग्लायफोसेट हे तणनाशक ब्रशनं लावायचं. उशीर झाला तर चिरेचं तोंड मिटतं आणि औषध आत जात नाही. डब्यावरचं लेबल आधी वाच, आणि ओढ्याजवळ वापरायचं औषध वेगळं असतं, तेच आण.

सगळ्यात महत्त्वाचं, काय उपटतेयस ते ओळख. प्रिव्हेट नावाचं परकं झाड आहे आणि लिलीपिली इथलं. रोप लहान असताना दोघांची पानं समोरासमोर, हिरवी, चकचकीत, अगदी सारखी. तेव्हा पान उजेडाकडे धरून बघायचं. लिलीपिलीच्या पानात टाचणीनं टोचल्यासारखे बारीक ठिपके चमकतात, त्या तेलाच्या ग्रंथी. प्रिव्हेटच्या पानात त्या नसतात. लिलीपिली आपल्या जांभळाच्या गोतातली आहे, हे मला कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं. इतक्या लांब येऊन जांभळाची बहीण भेटली! ती चुकूनही उपटू नकोस. शंका आली की कापायचं नाही. फोटो काढायचा, जवळच्या लँडकेअर या स्वयंसेवी गटाच्या मंडळींना दाखवायचा. ती माणसं हौसेनं शिकवतात.

ब्रेकन नावाचं नेचं दाटून आलं की नवे मालक घाबरतात आणि कापत सुटतात. ते इथलंच आहे. पहिल्यांदा तेच येतं, वॉटल ही इथली बाभूळही येते, आणि त्यांच्या आडोशानं बाकीची रोपं वर निघतात. येऊ दे त्यांना.

आणखी एक. निळे फेअरी रेन, व्हिपबर्ड असे छोटे पक्षी याच घाणेरीच्या जाळीत घरटी करतात, कारण दुसरा आडोसा उरलेला नाही. सगळी जाळी एका हंगामात काढलीस तर ते बिचारे कुठे जातील? म्हणून तुकड्या-तुकड्यानं. ओढ्याच्या काठाला तर सगळ्यात शेवटी हात लाव. एप्रिल 2015 मध्ये डंगॉगला आलेल्या पुरानं घरंच्या घरं वाहून नेली. तिथली माती आज जी मुळं धरून आहेत ती परकी असली, तरी नवी मुळं रुजेपर्यंत त्यांना राहू दे.

जमीन आपल्या नावावर झाली म्हणजे झाडं हवी तशी तोडता येतात, असं इथे नाही. न्यू साउथ वेल्समध्ये मूळची झाडंझुडपं काढायला नियम आहेत. लोकल लँड सर्व्हिसेस या सरकारी संस्थेला आधी विचार. वणव्याच्या टापूत घरापासून 10 मीटरमधली झाडं आणि 50 मीटरमधली झुडपं काढायची मुभा मिळते, पण तुझी जागा त्या टापूत येते का हे रूरल फायर सर्व्हिसच्या संकेतस्थळावर पत्ता घालून आधी बघ. कापलेला पाला पेटवायची घाई तर अजिबात नको. साधारण 1 ऑक्टोबर ते 31 मार्च परवान्याशिवाय आग लावता येत नाही. 2019-20 च्या उन्हाळ्यात या एका राज्यात 2,400 हून जास्त घरं जळाली. पाण्याची टाकी बसवशील तेव्हा तिला 65 मिलिमीटरचं स्टॉर्झ कपलिंग लावून घे, म्हणजे अग्निशमनाच्या गाडीला पाणी घेता येईल.

वाळलेली जुनी निलगिरी दिसली की ‘एवढं सरपण!’ असं कुणीतरी म्हणेलच. ऐकू नकोस. त्यात ढोल्या असतात. छोटी ढोली व्हायलाही शंभरेक वर्षं लागतात, आणि पोसम, घुबडं, पोपट, वटवाघळं तिच्यावरच जगतात. तुझ्या वाटेपासून आणि घरापासून ते झाड लांब असेल तर उभंच ठेव. वाऱ्याच्या दिवशी मात्र त्याच्याखाली उभी राहू नकोस. वाळक्या फांद्या न सांगता खाली येतात.

एकटीनं कामाला कधी जाऊ नकोस. त्या दरीत फोनला रेंज नसते. लांब पँट, उंच बूट, आणि खिशात दाबाचं रुंद बँडेज असू दे. साप चावला तर अवयव घट्ट गुंडाळायचा, हलवायचा नाही, आणि दुसरीनं रेंज मिळेल तिथून 000 या आणीबाणीच्या नंबरला फोन लावायचा. संध्याकाळी गोचिडीसाठी एकमेकींच्या मानेमागे, कानामागे बघायचं. परत निघताना बूट घासून धुवायचे, मुळं कुजवणारी बुरशी चिखलातूनच पसरते.

चेनसॉ पुढच्या वर्षी, तीही टेफ या सरकारी प्रशिक्षण संस्थेचा कोर्स करून. दरम्यान मार्चमध्ये पाऊस झाला की मला कळव, मी येते. तो वरचा कोपरा दोघी मिळून करू. लॉपर माझा आणते, तू हातमोजे घेऊन ठेव.